काकूंची थाळी आणि माझं कथिलाचं ज्ञान

अर्लकाका आणि डॉरथीकाकू यांनी मला गाडी चालवायला शिकवलं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं वाचल्यावर ते दोघे माझ्याशी अजून बोलतात कसे, एवढाच प्रश्न तुम्हाला पडेल आणि त्यांचे उपकार सांगायचे राहून जातील.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. म्हणजे माझी बायको वैशाली इथे नोकरी करते आणि मी राहतो. ती सॉफ्टवेअर तपासते. मी तिच्या व्हिसाचं शेपूट धरून आलेला माणूस, मला इथे पगारी काम करायची परवानगी नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही कुठे असता?" की मी "घरी" म्हणतो. समोरच्याला वाटतं, वर्क फ्रॉम होम. मीही खुलासा करत नाही.

बार्शीला आमचं कल्हईचं दुकान होतं. आठवीत मी नापास झालो तेव्हा वडील रागावले नाहीत, त्यांनी फक्त माझ्या हातात भाता दिला. (त्यांना भात्यावर माणूस हवाच होता. निकाल लागला त्या दिवशी ते जरा जास्तच खुशीत होते असं आई सांगते.) तांब्यापितळेची भांडी तापवायची, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाने पुसून काढायचं. काळंकुट्ट पातेलं आतून चंद्रासारखं निघायचं. पुढे घराघरांत स्टील आलं आणि कल्हई बसली. मग आम्ही स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायला घेतली. लग्नसराईत दिवसाला दोन-दोनशे ताटल्या. आठवी नापास माणसाने बार्शी तालुक्यात सगळ्यांत जास्त लिखाण केलं असेल तर ते मी, फक्त ते सगळं भांड्यांवर आहे. हाताला अशी सवय लागली होती की नाव संपलं की हात आपोआप 'यांजकडून सप्रेम भेट' घालूनच थांबायचा. एका गृहस्थांनी स्वतःच्या आंघोळीसाठी घेतलेल्या बादलीवरही मी तसं घातलं. बिचाऱ्यांना ती मेव्हण्याला द्यावी लागली.

वैशालीला शिकायचं होतं आणि मला नव्हतं, त्यामुळे आमचं लग्न उत्तम जमलं. ती शिकत गेली, मी नावं घालत गेलो, आणि एक दिवस दोघेही श्रूजबरीला येऊन पडलो.

इथे गाडी येत नसेल तर माणूस आणि कुंडीतलं झाड यांत फरक नाही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा तर परीक्षकाने उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात आधाराचा होता की स्वतःला सावरण्याचा ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा शेजारचे अर्लकाका पुढे आले. पोस्टातून रिटायर झालेले, सहा फुटी, बोलायला कमी. त्यांनी रस्त्याकडेला कचऱ्याचे दोन मोठे डबे ठेवले आणि म्हणाले, "यांच्या मधे लाव." डॉरथीकाकू मागच्या सीटवर विणकाम घेऊन बसायच्या. मी चुकलो की सुया थांबायच्या. बाई तोंडाने काही म्हणत नसत, पण त्या सुया थांबल्या की माझ्या पाठीला घाम फुटायचा. दोन महिन्यांनी मी पास झालो. जन्मात पास झालेली माझी शेवटची परीक्षा सातवीची होती, त्यानंतर थेट ही.

आता उपकार असे अंगावर ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांची फेड कशी करावी, याची मला चिंता लागली. (मला चिंता लागायला कारण लागत नाही. पण यावेळी होतं.)

त्यात आणखी एक चिंता घरात होती, डॉरथीकाकूंची डिश. आदल्या थँक्सगिव्हिंगला काकूंनी भोपळ्याचा गोड ब्रेड पाठवला होता. ब्रेड आम्ही त्याच संध्याकाळी संपवला. पण शेजारचं भांडं रिकामं कसं परत करायचं? वैशाली म्हणाली, "चकली करते, तीच घालून देऊ." चकली तेलात विरघळली. मग तिच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. मग बर्फ आला. मग रिलीजमध्ये बग आला. आणि या प्रकरणाचं असं असतं की भांडं जितके दिवस आपल्याकडे राहील, तितका आतला पदार्थ वजनदार लागतो. आठवड्यात परत केलं तर चिवडा चालतो. तीन महिने झाले की श्रीखंड. सप्टेंबर उजाडला तेव्हा हिशेबाने पुरणपोळीच्या खाली काही शोभणार नव्हतं, आणि पुरणपोळीला वैशालीला वेळ नव्हता. डिश कपाटात. मी ती डिश कधी नीट पाहिलीच नव्हती. मला फक्त ब्रेड आठवत होता. माझ्या डोळ्यांपुढे उगाच एक पांढरी, चिनीमातीची, निळ्या फुलांची डिश यायची. ती का यायची हे मला विचारू नका.

तर त्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी काकांच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि आतून ओळखीचा वास आला. तापलेल्या धातूचा वास. माझे पाय मला न विचारता तिकडे वळले. काका एका छोट्या विजेच्या भांड्यात शिसं वितळवत होते. शेजारी एक साचा, आणि फडक्यावर ओळीने गोळ्या. बंदुकीच्या.

मी एकदम दोन पावलं मागे आलो.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. (ते इंग्रजीतच बोलतात. मी मराठीत सांगतोय, कारण मला ते तसंच ऐकू येतं.) "जुनी रायफल आहे, माझ्या वडिलांची. क्लबात कागदावर नेम धरतो. या गोळ्या दुकानात मिळत नाहीत, घरी ओताव्या लागतात."

"मग या अशा सुरकुतलेल्या का?"

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुला दिसतंय?"

"दिसतंय म्हणजे काय, कडा भरलेल्याच नाहीत."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. नुसतं शिसं साच्याच्या कोपऱ्यांत नीट जात नाही, त्यात थोडं कथील लागतं, म्हणजे मग ते पाण्यासारखं पळतं. पण नवं कथील फार महाग. म्हणून ते जुनं प्यूटर शोधतात. प्यूटर म्हणजे इकडची करडी भांडी. थाळ्या, मग, मेणबत्त्यांचे दिवे. त्यात जवळजवळ सगळं कथीलच. पूर्वी लोकांच्या अंगणातल्या सेलमध्ये ती मातीमोल मिळायची. आता विकणारेही शहाणे झाले, आणि काकांची नजर अधू झाली. गेल्या वर्षी प्यूटर म्हणून आणलेली कॉफीची किटली जस्ताची निघाली आणि सगळं भांडंभर शिसं नासलं. ऑक्टोबरात क्लबची मोठी स्पर्धा. मागच्या खेपेस काका शेवटून तिसरे आले होते.

"गोळ्यांमुळे," काका म्हणाले.

"डोळ्यांमुळे," आतून काकूंचा आवाज आला.

"या वर्षीही तसंच झालं तर रायफल मुलाला देऊन टाकीन," काका हळूच म्हणाले. म्हणताना ते साचा पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता.

मला काय झालं कळेना. या देशात येऊन तीन वर्षं झाली होती आणि मला ठाऊक असलेली एकही गोष्ट इथे कुणाला लागत नव्हती. आणि हा सहा फुटी माणूस चक्क कथील शोधत होता.

"काका," मी म्हणालो, "मी कथील ओळखतो."

"कसं?"

मी बाकावरचा एक चपटा तुकडा उचलला, कानाशी धरला आणि वाकवला. कथील वाकवलं की आतून बारीक कुरकुरतं. जानेवारीत कोरड्या बर्फावर बूट ठेवल्यावर होतो ना, अगदी तसा आवाज. माझे वडील म्हणायचे, कथील बोलतं, जस्त मुकं असतं. काकांनी तुकडा आपल्या कानाशी नेला, मग ऐकण्याचं यंत्र काढून दुसऱ्या कानाशी नेला. "मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले, "पण तुझा चेहरा पाहिला. तू माझा माणूस."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वैशालीने लॅपटॉप बंद केला. ती लॅपटॉप बंद करते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"बंदुकीच्या गोळ्या," ती म्हणाली. "व्हिसावर आलेला माणूस. बंदुकीच्या गोळ्या."

"गोळ्या नाहीत गं. फक्त कथील."

"सुधाकर, व्हिसाच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसाला तू कल्हई समजावून सांगणारेस का?"

शेवटी तह झाला. काकांनीही तेच सांगितलं होतं, बंदुकीला आणि गोळ्यांना माझा हात लागणार नाही. मी भंगार ओळखायचं आणि आणून द्यायचं. पैसे काकांचे, ज्ञान माझं, मोबदला शून्य, म्हणजे व्हिसाही खूश.

मग मी सुटलो. शनिवारी सकाळी सेल, इतर दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं. या लोकांचं मला नवल वाटतं. अख्खं घर अंगणात मांडतात. आजोबांच्या टोप्या, आजीची सूप प्यायची भांडी, सगळ्यावर चिकटपट्टीवर भाव लिहिलेला, आणि मालक खुर्चीत बसून कॉफी पीत म्हणतो, हॅव अ लुक. आमच्याकडे फुटकं पातेलंसुद्धा माळ्यावर मानाने निवृत्त होतं. मी एकेक करडी वस्तू उचलायचो, नखाने खरवडायचो, कडेला जरा दाब द्यायचो आणि कानाला लावायचो. एका बाईंनी काळजीने विचारलं, "सर, ते काही बोलतंय का?" मी खरं ते सांगितलं, "हो, पण फार हळू." त्यांनी तो मेणबत्तीचा दिवा मला फुकट दिला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी घोटाळ्याची सुरुवात झाली. एका दुकानात मला बिअरचे आठ मग एकदम सापडले, शंभर नंबरी प्यूटर, जाडजूड, हँडलवाले. मी दोन्ही हातांत चार-चार अडकवून, एकेक कानाला लावत काउंटरकडे निघालो होतो, तेवढ्यात समोर मंडळाच्या निमकरवहिनी.

"अय्या, सुधाकरराव," त्या म्हणाल्या. नजर मगांवर.

"माझे नाहीत," मी म्हणालो. घाबरलं की मी नेमकं तेच बोलतो जे गुन्हेगार बोलतात. "शेजाऱ्यांसाठी आहेत. वितळवायला."

"हो हो," वहिनी म्हणाल्या, "सकाळी सकाळी."

संध्याकाळपर्यंत मंडळात बातमी झाली होती. वैशालीला फोन आला. "अगं, घरी बसून माणसाला एकटेपण येतं. रिकामे मग कानाला लावून ऐकत होते म्हणे. एक चांगले काउन्सेलर आहेत मॉरिसव्हिलला, ऑनलाइन घेतात." वैशालीने शांतपणे नंबर लिहून घेतला. मग फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याखाली, कपाटात, फ्रिजवर जिथे जिथे मी भंगार ठेवलं होतं तिथून ते काढून एका खोक्यात आदळू लागली.

"करडं दिसेल ते सगळं बाहेर," ती म्हणाली. "आज, आत्ता. मला माझ्या ओट्यावर फक्त स्टील हवंय."

मी खोकं घेऊन मागच्या अंगणात गेलो. अख्खी भांडी काकांच्या छोट्या भांड्यात मावत नाहीत, म्हणून हातोडीने चेपायला बसलो. बिअरचे मग चेपले, दिवे चेपले. आणि तळाला एक थाळी निघाली.

काय थाळी होती महाराजा! पातळ, जुनी, हाताला रेशमासारखी. कडेला जरा दाबली आणि कानाशी धरली, तर अशी गोड कुरकुरली की वडिलांची आठवण आली. मागे तीन अक्षरं कोरलेली होती. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य होतं, "भांडं हातात आलं की आधी नाव वाच, मग भाव सांग." मी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि ठरवलं, कारखान्याचा शिक्का असेल. ही थाळी मी कुठल्या सेलमध्ये घेतली, तेही आठवेना. पण माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असला की असल्या शंका काढत नाही. मी ती अर्धी दुमडली, पुन्हा अर्धी दुमडली, आणि हातोडीने बसवली. घडीच्या पोळीसारखी झाली.

काका माल बघून हरखले. वजन केलं, पुन्हा केलं. शिसं काढून घासलेलं भांडं तापत होतं. काका म्हणाले, "पहिला तुकडा तू टाक. कथील आहे, गोळी नाही. बायको रागावणार नाही." मी ती घडीची थाळी निवडली. पहिला मान तिचाच. ती तळाशी बसली, कडेने ओली झाली, आणि बघता बघता आरशासारखी पसरली. मग बाकीचं गेलं. काकांनी तो रस मफिन करायच्या जुन्या साच्यात ओतला. सहा चकचकीत मफिन झाले. आम्ही दोघं हात कमरेवर ठेवून, नातवाच्या बारशाला उभं राहावं तसे उभे होतो.

तेवढ्यात डॉरथीकाकू दारात आल्या. हातात विणकाम.

"सुडाकर," त्या म्हणाल्या, "घाई नाही हं. पण पुढच्या रविवारी माझी बहीण येतेय मेनहून. ती दर वेळी आली की आजीची थाळी आहे ना माझ्याकडे, ते बघते. तिला वाटतं ती तिला मिळायला हवी होती. तर ती तेवढी दे. ब्रेडची."

"पांढरी," मी म्हणालो. "निळ्या फुलांची."

"नाही रे, प्यूटरची. मागे आजीची अक्षरं आहेत."

एक मफिन गार होताना टिक असा वाजला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मफिनांकडे पाहिलं. काकांनीही मफिनांकडे पाहिलं. एवढी वर्षं घरोघर पत्रं टाकलेला माणूस, पत्ता त्यांना लगेच कळला.

"आणेल तो," काका म्हणाले. "रविवारी."

काकू आत गेल्या. मी म्हणालो, "काका, मी आत्ता जाऊन सांगतो."

"थांब," काका म्हणाले. "तिच्या बहिणीला तू भेटला नाहीस."

घरी वैशालीला विचारलं, "काकूंची डिश कुठली गं?" ती म्हणाली, "ती करडी? कपाटात होती ती?" आणि कपाट उघडून रिकाम्या फळीकडे पाहिलं. "ती तुझं भंगार नव्हतं?" आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर उभे. एक सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारी, दुसरा धातू ओळखणारा. दहा महिने एका कपाटात एक थाळी, आणि ती दोघांनाही ओळखता आली नाही.

सोमवारपासून आम्ही आजी परत बनवायला घेतली. काकांची कल्पना अशी की धातू तोच आहे, फक्त आकार बदललाय. सहातल्या कुठल्या मफिनात आजी आहे ते सांगता येत नव्हतं, म्हणून चार घेतले. काकूंच्या 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजायच्या पसरट डब्यात रस ओतला. पहिली थाळी मधोमध भोक पडून निघाली. दुसरी कडेला उचलली गेली आणि अगदी टोपीसारखी दिसू लागली. तिसरी त्यातल्या त्यात गोल झाली. मी ती तीन दिवस ठोकली, घासली, राखेने आणि चिंचेने उजळली. मूळची थाळी पुरीसारखी होती, ही ज्वारीची भाकरी. पण चकाकी आली. चार मफिन तिच्यात गेले होते, काकांच्या स्पर्धेला दोनच उरले.

"काका, तुमचं कथील?"

"मला स्पर्धा हरायची सवय आहे," काका म्हणाले. "पण डॉरथीशी हरून चालणार नाही, मला याच घरात राहायचंय."

शनिवारी अक्षरं घालायची राहिली. ती काकांनी कागदावर लिहून दिली, ई, एम, डब्ल्यू. मी खिळा आणि छोटी हातोडी घेतली. किती वर्षांनी हातात ते काम आलं. टिंब, टिंब, टिंब. मन बार्शीला गेलं, दुकानाच्या पायरीवर बसलं. आतून वैशालीने हाक मारली, "पुरण शिजलंय, चव बघतोस का?" मी भानावर आलो आणि खाली पाहिलं. हाताने आपलं काम पूर्ण केलं होतं. ई, एम, डब्ल्यू, आणि खाली सुबक देवनागरीत 'यांजकडून सप्रेम भेट'.

घासून जाईल अशी ती अक्षरं नव्हती. माझं काम पक्कं असतं, हाच माझा दोष.

रविवारी सकाळी, बहीण यायच्या आधी, आम्ही दोघं थाळी घेऊन गेलो. वर सात पुरणपोळ्या, त्यांवर स्वच्छ रुमाल. काका दाराशी उभे, एकदम नवीन शर्टात. काकूंनी रुमाल काढला, पोळ्या बाजूला ठेवल्या आणि थाळी उचलली. उचलताना त्यांचा हात खाली गेला, वजनाने. त्यांनी ती उलटी केली.

विणकाम शेजारी पडलेलं होतं, पण मला सुया थांबल्यासारखं वाटलं.

"ही माझ्या आजीची थाळी नाही," काकू म्हणाल्या.

आठवडाभर मी इंग्रजीत एक वाक्य पाठ केलं होतं. ते आलं नाही. जे आलं ते असं, "काकू, आजी आहे. पण वितळवली. मी. चुकून. चार भाग इथे. थोडी बहुतेक काकांकडे."

काका म्हणाले, "साचा माझा होता."

वैशाली म्हणाली, "खोक्यात मी टाकली."

काकू खाली बसल्या. त्यांनी थाळी मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं आणि मला वाटलं, गाडीचं लायसन्ससुद्धा परत करावं. मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

"हे काय लिहिलंय?"

मी सांगितलं. बार्शीचं, ताटल्यांचं, हाताच्या सवयीचं, बादलीचंसुद्धा. वैशालीने इंग्रजी केलं. "म्हणजे, ई. एम. डब्ल्यू. यांच्याकडून प्रेमाने भेट."

काकूंनी पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"अर्ल," त्या म्हणाल्या, "माझ्या आजीने आयुष्यात कुणाला काही प्रेमाने दिलंय? ख्रिसमसला दिलेली संत्री परत मोजून घ्यायची ती. ही थाळीसुद्धा मी वाटणीत बहिणीशी भांडून घेतली. बाईला शेवटी वितळवावं लागलं तेव्हा कुठे सप्रेम भेट निघाली तिच्यातून."

बहीण दुपारी आली. तिने थाळी हातात घेतली, वजन पाहिलं, उलटी केली, ती ओळ पाहिली आणि विचारलं की ही भाषा कुठली. काकू म्हणाल्या, "आजीची." बहिणीने थाळी खाली ठेवली आणि पुन्हा कधी मागितली नाही. पोळ्या मात्र तीन खाल्ल्या.

ऑक्टोबरात काका दोन मफिनांच्या कथिलावर स्पर्धेला गेले. शेवटून सातवे आले. रायफल अजून त्यांच्याकडेच आहे. काकू म्हणतात, आजी सरळ स्वभावाची नव्हती, पण गेली सरळ.

आणि गेल्या आठवड्यात काकूंनी सफरचंदाचा केक पाठवला, त्याच थाळीवर. म्हणाल्या, "रिकामं भांडं द्यायचं नसतं ना तुमच्यात? वैशालीने सांगितलं." केक त्याच संध्याकाळी संपला. थाळी आता पुन्हा आमच्या कपाटात आहे, आणि वैशालीचं रिलीज आलंय.

अर्लकाका, डॉरथीकाकू, तुमचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडीन. आजीच्या थाळीसारखीच पातळ, हलकी, गोड कुरकुरणारी थाळी शोधून आणीन, आणि यावेळी आधी नाव वाचीन, हा शब्द देतो. तोपर्यंत काळजी नसावी. थाळीवर मी ठळक अक्षरांत कागद चिकटवलाय, 'भंगार नाही'. माझ्यासाठीच आहे तो. घरात तेवढं मराठी वाचता येणारा आणि तरीही तिला हातोडी लावू शकणारा माणूस एकच आहे.